निदानाचे पैसे कोण देणार?

दुचाकी दुरुस्तीचं कुठलंही बिल काढून बघा. प्लग इतक्याचा, ऑइल इतक्याचं, एअर फिल्टर इतक्याचा आणि सगळ्यात खाली ‘लेबर’. रस्त्याकडेचं गॅरेज असो की काचेच्या भिंतींचं सर्विस सेंटर, रकमा बदलतात, पण एक ओळ कुठेच सापडत नाही. बिघाड नेमका कशात आहे, हे शोधून काढल्याबद्दल इतके रुपये, ही ती ओळ. डॉक्टरांना आपण तपासणीची फी देतो, त्यांनी गोळी लिहून दिली नाही तरी देतो. वकिलांना सल्ल्याचे पैसे देतो. मेकॅनिकला मात्र आपण दोनच गोष्टींचे पैसे देतो, बसवलेल्या वस्तूचे आणि हात काळे केल्याचे. डोकं चालवल्याचे देत नाही.

आपल्याकडे दुचाकींची जी इंजिनं विनाकारण उघडली जातात, जे सुटे भाग विनाकारण बदलले जातात, त्याचं एक मोठं कारण मला या बिलातच दिसतं. ज्या कामाला किंमत नाही ते काम कोणी मन लावून करत नाही, आणि केलं तरी ते टिकत नाही. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश दुचाक्या आहेत. शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांचं पोट या वाहनावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय वाटतो तितका छोटा नाही.

मी स्वतः मेकॅनिक नाही, मी शाळेत शिकवतो. पण माझे मामू गेली चाळीस वर्षं सोलापुरात गॅरेज चालवतात आणि शाळेच्या सुट्ट्यांमधला माझा बराच वेळ तिथल्या एका मोडक्या स्टुलावर गेला आहे. मामूंचा शिकाऊ पोरांना पहिला धडा एकच असतो : “पैले पूछ, बाद में खोल.” आधी विचार, मग उघड. या एका वाक्यात निदानाचं सगळं शास्त्र आहे, असं मला आता वाटतं.

इंजिनाला चालायला मुळात तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्या घेत असेल तर हे सेकंदाला सुमारे 33 वेळा घडतं. गाडी चालू होत नाही, मध्येच बंद पडते, मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, धूर टाकते, या तक्रारी शंभर प्रकारच्या असल्या तरी इंजिनाच्या पातळीवर कारणं या तीन खोल्यांपैकी कुठेतरी असतात. चांगला मेकॅनिक आधी दोन खोल्यांना कुलूप लावतो आणि मग तिसरीत शिरतो. कच्चा मेकॅनिक तिन्ही खोल्यांतलं सामान अंगणात आणून टाकतो.

ही कुलपं प्रश्नांनी लागतात. गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? सुरू झाल्यावर किती वेळाने बंद पडते? चोक ओढला की बरी चालते का? पावसात भिजली होती का? नुकतंच पेट्रोल भरलं होतं का, आणि कुठे? याआधी तिला कोणी हात लावला, काय काय बदललं? चोक ओढल्यावर गाडी नीट चालत असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आहे. मग कार्बोरेटरचा पायलट जेट चोंदला आहे किंवा कार्बोरेटर आणि हेडच्या मधून कुठून तरी जादा हवा शिरते आहे. पावसात भिजल्यावर बंद पडली असेल तर आधी प्लगची टोपी काढून कोरडी करायची. एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मं इंजिन बाजूला पडतं. आणि या प्रश्नांना पाना लागत नाही.

एक उदाहरण देतो. गाडी छान सुरू होते, आठ-दहा किलोमीटर चालते आणि हळूहळू दम सोडून बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. पुन्हा काही किलोमीटर, पुन्हा बंद. या एका तक्रारीवर मी लोकांना कार्बोरेटर बदलताना पाहिलं आहे, कॉइल बदलताना पाहिलं आहे, “इंजिन गरम होतंय” म्हणून ब्लॉक उतरवलेला पाहिला आहे. मामूंचा मात्र पहिला प्रश्न असतो, “बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलं का?” टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तसतशी त्या वाटेने बाहेरची हवा आत येते. धुळीने किंवा गंजाने ते छिद्र बुजलं की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की ‘फस्स’ आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालते. हा आवाज आला तर बारीक तार आणि हवेचा एक फवारा एवढाच इलाज. आता या कामाचं बिल कसं करायचं? पार्ट शून्य. लेबर दोन मिनिटांचं. गिऱ्हाईक हसून म्हणतं, “एवढंच होतं होय चाचा!” आणि वीस रुपये टेकवून निघून जातं. तेच मामूंनी कार्बोरेटर खोलला असता तर त्याच माणसाने मुकाट्याने चारशे रुपये दिले असते.

कित्येकदा तर दोष इंजिनात नसतोच. “पिकअप कमी झालाय, मायलेज पडलंय, इंजिन बसलं वाटतं,” अशी तक्रार घेऊन माणूस येतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवून बघितलं तर ते ब्रेकला घासत असतं. चेन गरजेपेक्षा ताणलेली असते. टायरमध्ये हवा कमी असते. किंवा चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट सरकते आहे. यातल्या कशालाही पिस्टनचा दोष नाही. पण ‘इंजिन बसलं’ हे वाक्य गिऱ्हाईक स्वतःच म्हणत आलेलं असतं. त्याला “हो, बसलं” म्हणणं सोपं असतं आणि फायद्याचंही असतं.

आता समजा, दोष खरोखर इंजिनात आहे. तरी ते लगेच उघडायचं कारण नाही. प्लग काढून बघा. त्याचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आत सगळं ठीक जळतं आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे किंवा हवा कमी, आणि अनेकदा त्याचं कारण म्हणजे धुळीने भरलेला एअर फिल्टर असतो. टोक पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी आहे, इंजिन तापतं आहे. काळं आणि तेलकट ओलं असेल तर ऑइल वर येऊन जळतं आहे. एक नट, एक पाना आणि एक नजर, एवढ्यात केवढी माहिती मिळते!

कॉम्प्रेशन कमी आहे अशी शंका आली तर एक जुनी परीक्षा आहे. मीटर लावून कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांमधून होत होती, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. आकडा तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर, कारण तिथपर्यंत ते ऑइल पोचत नाही. पहिल्या बाबतीत बोअर आणि पिस्टनचं काम, दुसऱ्या बाबतीत फक्त हेडचं. दोन कामांच्या खर्चात मोठं अंतर आहे. हे अंतर चमचाभर ऑइल सांगतं. तरीही ही परीक्षा न करता थेट ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असा निकाल देणारे रोज भेटतात.

धुराचंही तेच. काळा धूर म्हणजे जादा पेट्रोल. थंडीच्या सकाळी सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर ही बहुतेक वेळा नुसती पाण्याची वाफ असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. पण ‘निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या’ हे गणित इतकं सोपं नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना भसकन निळा धूर येऊन थांबत असेल तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं असतं. रेस केल्यावर, ओझं ओढताना सतत येत असेल तर रिंगांचा संशय.

आणि तिसरीही शक्यता असते. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांची गाडी सर्विसिंग करून आणल्यावर चार दिवसांतच निळा धूर टाकू लागली. ज्या सर्विस सेंटरमधून आणली तिथेच ते परत गेले, तर ‘रिंगा गेल्यात, हाफ इंजिन लागेल’ असं सांगून खर्चाचा कागद हातात दिला गेला. मी त्यांना मामूंकडे नेलं. मामूंनी गाडी सरळ उभी केली, ऑइलची डिपस्टिक पुसून बुडवली, बघितली आणि हसले. ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर होतं. प्रमाणापेक्षा जास्त भरलेलं ऑइल ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात जात होतं आणि तिथून हवेबरोबर इंजिनात जाऊन जळत होतं. मामूंनी जादा ऑइल काढलं, डबा पुसला, फिल्टर बदलला. पुढे दोन दिवस थोडा धूर आला आणि थांबला. चार दिवसांपूर्वीपर्यंत धूर नव्हता, मधल्या काळात एकच गोष्ट घडली होती, ती म्हणजे सर्विसिंग. मग पहिला संशय त्या सर्विसिंगवरच घ्यायला हवा, रिंगांवर नाही. हा तर्क आहे. यात यंत्रापेक्षा अक्कल जास्त लागते. मामूंनी फिल्टरचे पैसे घेतले आणि वर शंभर रुपये मागितले. तेव्हा आमचे शिक्षक मित्र, स्वतः खासगी शिकवणीची फी घेणारे, मला हळूच म्हणाले, “नुसतं ऑइल काढायचे शंभर?”

मी त्यांना तेव्हा जे म्हणालो तेच इथे लिहितो. ऑइल काढायचे दहा रुपये, बाकीचे नव्वद काय काढायचं हे माहीत असल्याचे.

गिऱ्हाईकाच्या आग्रहाने गाडीचं नुकसान कसं होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टॅपेट. इंजिनातून ‘टक टक’ आवाज आला की लोकांना चैन पडत नाही. “आवाज एकदम बंद झाला पाहिजे,” अशी मागणी असते. टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. ही फट इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, फीलर गेजने मोजायची असते. फट जास्त झाली तर आवाज येतो. पण फट संपवून टाकली तर आवाज बंद होतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बरीचशी सीटला टेकूनच बाहेर टाकतो. तो नीट टेकला नाही की फटीतून जळता गॅस निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणजे थोडा वाजणारा टॅपेट निरुपद्रवी असू शकतो आणि एकदम शांत झालेला टॅपेट आतून इंजिन खात असू शकतो. गिऱ्हाईकाला शांतता विकायची की खरं सांगायचं, हा पेच मेकॅनिकपुढे रोज असतो. खरं सांगणाऱ्याला “तुम्हाला जमत नाही वाटतं” असं ऐकावं लागतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रस्त्याकडेचा मेकॅनिक म्हणजे प्रामाणिक उस्ताद आणि सर्विस सेंटर म्हणजे लूट, अशी सरळ विभागणी मी करत नाही. नुसत्या आवाजावरून दोन मिनिटांत ‘फुल इंजिन’ सांगणारे आमच्या मोहल्ल्यातही आहेत. जुना पार्ट साफ करून नवा म्हणून लावणारे आहेत. एकाच वेळी प्लग, कॉइल, फिल्टर, कार्बोरेटर सगळं बदलून ‘बघा, झाली की नाही’ म्हणणारेही आहेत. गाडी झाली हे खरं, पण कशामुळे झाली हे त्यालाही कळलं नाही आणि तुम्हालाही नाही. निदानाचा साधा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का ते बघायचं. सगळं एकदम बदललं की दोष कदाचित जातो, ज्ञान मात्र मिळत नाही. पुढच्या वेळी तोच दोष आला की पुन्हा तेवढाच खर्च. उलट सर्विस सेंटरमध्ये शांतपणे, मॅन्युअल उघडून, मोजून काम करणारे तंत्रज्ञही मी पाहिले आहेत. दोष माणसांच्या जातकुळीत नाही. उघडण्याला पैसे आणि शोधण्याला शून्य, या हिशेबात आहे. तो हिशेब आपण गिऱ्हाइकांनी ठरवला आहे.

काही वाचक म्हणतील की हे सगळं आता जुनं झालं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं, बहुतेक दुचाक्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आता सेन्सर आणि ईसीयू असतात, स्कॅनर लावला की संगणकच दोष सांगतो. मग निदानाला माणूस कशाला?

या समजुतीइतकी महाग समजूत दुसरी नसेल. स्कॅनर दाखवतो तो कोड हे लक्षण असतं, निदान नव्हे. ‘ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल चुकीचा’ असा कोड आला म्हणजे सेन्सर खराब, असं होत नाही. सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असेल, इंजेक्टर अर्धा चोंदला असेल, वायर उंदराने कुरतडली असेल, तरी तो बिचारा सेन्सर जे दिसतं तेच सांगत असतो. खरं बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा करावी तसं आपण सेन्सर बदलतो. बॅटरी कमजोर झाली किंवा अर्थिंगचा नट सैल झाला तर एकदम तीन-चार कोड येऊ शकतात. अशा वेळी तीन-चार सेन्सर बदलायचे की एक नट आवळायचा?

इंजेक्शनच्या गाडीतही प्रश्नांचा क्रम तोच आहे, फक्त खोल्यांमधलं सामान बदललं. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची बारीक गुणगुण एक-दोन सेकंद ऐकू येते का? येत नसेल तर फ्यूज, रिले, किल स्विच, मग पंप, या क्रमाने जायचं. साइड स्टँड खाली असल्यामुळे इंजिन सुरू न होणाऱ्या गाड्या ढकलत गॅरेजपर्यंत आलेल्या मी पाहिल्या आहेत. काही गाड्यांमध्ये गाडी आडवी पडली की एक सेन्सर इंजिन बंद करतो, ती उचलल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली नाही तर ती सुरूच होत नाही. ज्याला हे माहीत नाही तो अपघातानंतर “इंजिन जाम झालं” म्हणून टेम्पोत घालून आणतो.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात बंद पडलेल्या गाडीचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवलं तर तळाचा वेगळा थर डोळ्यांना दिसतो. हे कुठलाही कोड सांगत नाही.

पण इथे एक अडचण खरी आहे आणि ती मामूंसारख्यांच्या मुळावर आली आहे. लक्षण वाचायलाच जर स्कॅनर लागत असेल, आणि तो स्कॅनर, त्याचं सॉफ्टवेअर, वायरिंगचा नकाशा आणि मॅन्युअल कंपनी आपल्या अधिकृत केंद्रांपुरतंच ठेवत असेल, तर बाहेरच्या मेकॅनिकने निदान करायचं कशाच्या जोरावर? हा प्रश्न मी एकटा विचारत नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न देणं, हे स्पर्धेला मारक आहे असं आयोगाने म्हटलं. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले, पण मुद्दा जागेवरच आहे. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनांचाही तिने विचार केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू झालं. मात्र कंपन्यांवर बंधनकारक असा स्वतंत्र कायदा त्यातून उभा राहिलेला नाही.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ईसीयू उघडं केलं तर लोक त्यातलं पेट्रोलचं गणित बदलतील, प्रदूषणाच्या मर्यादा मोडतील, सुरक्षिततेला धोका होईल. हे होऊ शकतं. पण वाचणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड वाचू द्या, सेन्सरचे आकडे बघू द्या, वायरिंगचा नकाशा द्या, आतला प्रोग्राम बदलण्याचं कुलूप ठेवा. रुग्णाचा एक्स-रे दाखवायला नकार देणाऱ्या दवाखान्याला आपण सुरक्षिततेचं कारण मान्य करू का? शिवाय मॅन्युअल द्यायचं तर मराठीतून द्या. मोमिनपुऱ्यातला असो की मंगळवेढ्यातला, मेकॅनिकला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला तर्क येत नाही असं होत नाही.

मामूंनी वयाच्या साठीकडे झुकताना मल्टिमीटर वापरायला शिकून घेतलं. त्यांच्याच एका शागिर्दाने, जो आयटीआय करून आला होता, त्यांना व्होल्ट आणि ओहम समजावले. उस्ताद शागिर्दाकडून शिकताना त्यांना कमीपणा वाटला नाही. “आधी कान लावायचो, आता हे लावतो. पूछना तो वहीच है,” असं ते म्हणतात.

इथे एक गोष्ट मन मोकळं करून लिहितो. गेली काही वर्षं ‘पंक्चरवाला’ हा शब्द आमच्या समाजासाठी शिवीसारखा वापरला जातो. सोशल मीडियावर वाद घालताना कुणाचा युक्तिवाद संपला की तो हा शब्द फेकतो. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही वाहनदुरुस्ती हे मुस्लिम कामगारांचा वाटा मोठा असलेल्या क्षेत्रांपैकी एक म्हणून नोंदलेलं आहे. त्यामुळे शब्दाचा रोख कुठे आहे हे कळतं. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. हा शब्द शिवी होऊ शकतो, कारण हाताने काम करणाऱ्याला डोकं नसतं, असं आपण सगळ्यांनीच धरलेलं आहे. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. आमच्यातले शिकलेले लोकही पोराला रागावताना म्हणतात, “अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात बसशील.” मीही वर्गात हे वाक्य सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. लक्षणावरून कारणाकडे जाणं, शक्यता मांडणं, एकेक तपासून खोडणं, याला शाळेत आपण वैज्ञानिक पद्धत म्हणतो आणि परीक्षेत पाच गुण देतो. तीच पद्धत बोळातल्या टपरीवर दिवसातून वीस वेळा वापरली जाते, तेव्हा तिला ‘मिस्त्रीकाम’ म्हणतो आणि वीस रुपये देतो. शिवीला उत्तर द्यायचं तर आधी ही दोन मापं आपण आपल्या घरात एक केली पाहिजेत.

“पण गरिबाने हे वरचे पैसे कुठून द्यायचे?” असा प्रश्न मला एका वाचकाने मागे विचारला होता. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलाची गाडी एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्याला आणखी फी कशी मागायची? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब करून बघा. समजा निदानाची फी 150 रुपये ठरली आणि त्यामुळे दहांपैकी एकाच माणसाचं 5,000 रुपयांचं नको असलेलं हाफ इंजिन वाचलं. दहा जणांनी मिळून 1,500 दिले, 5,000 वाचले. आणि ही 5,000 ची फोडणी नेमकी त्यालाच बसते ज्याला प्रश्न विचारायला वेळ नसतो, दुसऱ्या गॅरेजात गाडी दाखवायची सोय नसते. फुकटचं निदान गरिबाला सगळ्यात महाग पडतं.

म्हणून माझ्या वाचकांना काही साध्या गोष्टी सुचवतो. गाडी दाखवायला नेताना निकाल घेऊन जाऊ नका, हकिगत घेऊन जा. ‘पिस्टन गेला’ असं सांगू नका. ‘गरम झाल्यावर, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, गेल्या आठवड्यापासून’ असं सांगा. शेवटचं ऑइल कधी बदललं, पेट्रोल कुठे भरलं, कोणी काय खोललं हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ‘किती होतील?’ याआधी ‘कशावरून?’ विचारा. इंजिन उघडायचं म्हणाले तर कॉम्प्रेशन मोजलं का, प्लग बघितला का, एवढे दोन प्रश्न नम्रपणे विचारा. जाणकार मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याला बरं वाटतं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि आवाज एकदम बंद करून द्या असा हट्ट धरू नका.

मेकॅनिक मित्रांनाही एक सांगणं आहे. गॅरेजच्या दारावर ‘तपासणी फी’ अशी पाटी लावा. आकडा स्पष्ट लिहा, आणि काम तुमच्याकडेच केलं तर ती बिलातून वजा करा, हवं तर. पहिले काही महिने लोक नाक मुरडतील. मामूंनी मागच्या वर्षी अशी पाटी लावली, 100 रुपयांची. काही जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या गॅरेजात गेली. काही परत आली, काही आली नाहीत. जी आली ती आता तक्रार सांगताना जरा विचार करून सांगतात, असं मामू म्हणतात. पैसे दिले की माणूस ऐकतो आणि ऐकवतोही.

तुमच्या गाडीचं झाकण उघडून कोणी दोन मिनिटांत दोष काढून दिला, तर त्याला वीस रुपये टेकवून निघू नका. त्याने तुमचं इंजिन उघडलं नाही, याचे पैसे त्याला द्या.